आबांची झोळी आणि माझं वजन

कुठलीही टांगलेली वस्तू दिसली, की माझा शेजारी हात वर करून तिला दोन हिसके द्यायचा. पंख्याचा हूक, कपडे वाळत घालायची तार, बसमधली धरायची कडी, काहीही. हिसके देऊन झाले की मान तिरकी करून जरा थांबायचा आणि मग "हं" म्हणायचा. माझ्या बहिणीच्या लग्नात त्याने मांडवाच्या खांबालाही हिसके दिले आणि तो खांब बँडवाल्यांवर कलला. सगळे रागाने बघायला लागले, तर हा म्हणतो, "आत्ताच कळलं ते बरं झालं. अक्षता पडताना कळलं असतं तर?"

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहिला असेल. पण हिसके देऊन झाल्यावर त्याने तुमच्याकडे ज्वारीचं पोतं बघावं तसं बघितलं नसेल. माझ्याकडे तो तसंच बघायचा आणि म्हणायचा, "बसा राव. बघू."

याचं कारण माझं वजन. मी तेव्हा तिशीत होतो आणि काटा शंभरीकडे झुकला होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. पुंडलिकनगरात आमची घरंही एकमेकांना चिकटून, मधली भिंत दोघांत एक. तो ड्रॉइंग काढायचा, मी तपासायचो. मी डिग्रीवाला आणि तो डिप्लोमावाला, हा फरक माझ्याखेरीज कुणाच्याच लक्षात राहत नसे.

ते दिवस नामांतराचे होते. शहराबाहेर कारखान्यांच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या, आणि शहरात विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे, बंद, संचारबंदी. आमच्या कँटीनमध्ये कुणी काही न सांगता टेबलं वेगळी झाली होती. तो दलित वस्तीत वाढलेला, मोर्चात जायचा आणि जातो म्हणून सांगायचाही. मी कुठल्या बाजूचा, असं कुणी विचारलं की मला नेमका ठसका लागायचा. डबा मात्र मी त्याच्याच टेबलावर उघडत असे. लोकांना त्यात माझं धैर्य दिसायचं. खरं कारण त्याच्या डब्यातला ठेचा होता.

त्याच धामधुमीत सिल्लोडच्या पुढे त्याच्या गावी वस्तीवर जमाव चालून आला आणि त्याचं घर जळालं. त्याचे वडील, आबा, एक बोचकं घेऊन मुलाकडे राहायला आले. आले आणि झोपेनासे झाले. खाट देऊन झाली, गादी देऊन झाली, पण म्हातारा रात्रभर भिंतीला टेकून बसलेला. सकाळी उठल्यावर एकच वाक्य, "मला गावाला सोड." मुलगा म्हणायचा, "तिथं काय ऱ्हायलंय आता?" आबा बोचकं पुन्हा बांधायला घेत. ते एक दिवस न सांगता निघून जातील आणि गावात त्यांचं पुन्हा काहीतरी बरंवाईट होईल, ही धास्ती त्याने मला बोलून दाखवली होती.

एका रविवारी मी ओट्यावर बसून आबांना विचारलं, "खाट टोचते का हो आबा?"

"नाय वो पैलवान. खाट लई चांगली हाय. पर पाठ टेकली की पावलं ऐकू येत्यात. लई लोकांची."

मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. त्या दिवशी मी उठून घरात गेलो आणि उगाच पाणी प्यालो. परत आलो तेव्हा आबा आपणहून बोलायला लागले. तरुणपणी ते कापसाची गाडी हाकायचे. मुक्कामाला गाडीखाली, साट्याच्या फळ्यांना गोणपाटाची झोळी बांधून तीत निजायचे. "अधांतरी. त्यात काय बी ऐकू येत नव्हतं. बैलं उठवायची मला."

हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला सांगितलं. या सगळ्या प्रकरणात माझं बौद्धिक योगदान एवढंच. तो पेन्सिलीला टोक करत होता, तो थांबला. "अधांतरी," तो म्हणाला, आणि संध्याकाळी मला घेऊन शहागंजात गेला.

तिथे ताडपत्र्या शिवणारे एक चाचा होते. त्याने जाड कॅनव्हास निवडला, कडांना दुहेरी शिवण सांगितली, टोकांना दोर ओवायला पितळी कड्या सांगितल्या. चाचा म्हणाले, "मियाँ, हाथी सुलाना है क्या?" याने नुसतं माझ्याकडे बोट केलं. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिवण तिहेरी केली.

पहिला प्रयोग खिडकीचे गज आणि दाराची चौकट यांच्यामध्ये झाला. मला बोलावणं आलं तेव्हा मी खिशात टेप घालून, तज्ज्ञाचा सल्ला हवा असणार अशा समजुतीने गेलो. "बसा राव," तो म्हणाला. मी बसलो. खिडकी चौकटीसकट माझ्या मागोमाग आत आली.

मग मी प्रकरण हातात घेतलं. हे काम अंदाजाने करायचं नसतं, असं त्याला बजावलं. रीतसर ड्रॉइंग झालं. आबांचं वजन, माझं वजन, वर सुरक्षिततेसाठी चौपट, असा हिशोब मी मांडला आणि खाली झोकात सही केली. समोरासमोरच्या भिंतींत सिमेंट भरून हूक बसवले, चांगले सुकू दिले. आबांची पाठ सरळ राहावी म्हणून आम्ही दोघांनी मिळून झोळी अशी ताणली, की तिच्यावर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. इतकी सुरेख आडवी रेघ आम्ही कागदावरही काढली नव्हती.

"बसा राव. बघू."

मी बसलो. दोन्ही हूक मूठ-मूठ भिंत घेऊन बाहेर आले. मी फरशीवर, माझ्यावर झोळी, झोळीवर गिलावा. आणि कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला. आबा हसत होते, गुडघ्यावर थापा मारत. "पैलवान, घर पाडता का आमचं?" आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. माझं कंबरडं मोडलं की शाबूत आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही वाटलं नाही.

चूक कळली ती दुसऱ्या दिवशी. आम्ही कसल्याशा कामाने शॉपमध्ये, यंत्रांच्या शेडमध्ये, गेलो होतो. तिथे क्रेनखालच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. माल उचलताना दोर जितका आडवा होईल तितका त्याच्यावरचा ताण वाढतो, हे चित्रांसकट दाखवलेलं, आणि खाली लाल अक्षरांत ठळक सूचना, की दोर आडवा ताणू नये. तक्त्याच्या कोपऱ्यात दोन सह्या होत्या. काढणारा तो. तपासणारा मी.

आम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलो. क्रेनवाला वरून ओरडला, "काय झालं साहेब?"

"काही नाही," तो म्हणाला. "वाचतोय."

झोळीला झोळ हवा, एवढं शहाणपण आम्हांला आलं. पण विटांच्या पातळ भिंतीत नुसता हूक पुन्हा धरेना. भिंतीतून आरपार बोल्ट घालायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टीवर नट आवळायचा, म्हणजे ताण साऱ्या भिंतीवर पसरेल, असा तोडगा त्याने काढला. त्याचं घर रांगेतलं शेवटचं, त्यामुळे एका बाजूची पट्टी बोळात आली असती. दुसऱ्या बाजूची पट्टी माझ्या बैठकीच्या खोलीत येत होती.

कुणाच्याही वस्तूला न विचारता हिसके देणारा हा माणूस त्या संध्याकाळी माझ्या दारात चपला काढून उभा राहिला. "वहिनी, एक विचारायचं होतं." मी लगेच भिंतीची जाडी, सामाईक मालकी आणि विटांची प्रत यांवर बोलायला सुरुवात केली. माझी बायको मधेच म्हणाली, "भिंत दोघांची आहे ना भावजी? मग विचारता काय? फक्त धूळ तुमची तुम्ही झाडा."

पट्टी माझ्या आरामखुर्चीच्या बरोबर वर आली. पुढे एकदा आमचे एक मामा आले, त्या खुर्चीत बसले आणि पट्टीकडे बोट करून म्हणाले, "हे काय?" मी घसा साफ करेपर्यंत बायकोने सांगून टाकलं, "पलीकडच्या आबांची झोळी आहे." पलीकडचे कोण, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी कप उचलला आणि ते दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. ती खुर्ची डुगडुगती होती, हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही.

तर झोळी टांगली गेली. मी बसलो, मी निजलो, त्याने सांगितल्यावर लाज सोडून हिंदकळलोही. भिंत हलली नाही. मग आबा चढले. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर वळले आणि आम्ही अजून बोल्टबद्दल बोलत होतो तोवर त्यांना झोप लागली. संध्याकाळी भाकरीपुरते उठले आणि पुन्हा निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसला तो आला नाही. उशीर त्याला माहीतच नव्हता. दुपारी आला तो सुजलेल्या डोळ्यांनी. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. "आबा बरे आहेत ना?"

"आबा उठून चहा पिऊन बसलेत. मीच झोपून ऱ्हायलो राव."

तेव्हा मला कळलं, की इतके महिने हाही दाराच्या कडीकडे कान लावून जागा राहत होता. शेजारी राहून, शेजारी बसून मला ते कळलं नव्हतं. मला इतकं भरून आलं, की माझ्या वाटचा ठेचा मी त्याला देऊन टाकला. तो त्याच्याच घरचा होता.

आबा सुधारले. अंग धरलं, दाढी करायला लागले, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायला लागले. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "आता मला गावाला सोड."

त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आबा, मी हे सगळं कशापायी केलं? तुम्ही हितं ऱ्हावं म्हणूनच ना?"

"झोप यावी म्हणून केलंस. आली. आता मला माझ्या दारात निजायचंय."

पलीकडे स्टूल सरकलं. मग पितळी कडीचा आवाज झाला. तो झोळी उतरवत होता.

तो आता नाही. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा होता. पेढे घेऊन आला होता आणि मला एकही ठसका न लागता मी ते खाल्ले होते. पण त्याची आठवण काढायची म्हटली, की मला त्याच्या गावातली एक दुपार दिसते.

आम्ही तिघं एसटीने गेलो. टपावर दोन लोखंडी पाइप, आत झोळी, आणि मी. मी का, हे तुम्हांला सांगायला नको. घराच्या भिंती अजून काळ्या होत्या, वर भावकीने नवे पत्रे टाकले होते. त्याने ड्रॉइंग आणलं होतं. खांब घराच्या मागे, लिंबाच्या आडोशाला, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा बेताने. आबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते घराच्या पुढे गेले आणि त्यांनी काठी टेकवली.

"हितं."

"आबा, हितं रस्ता हाय. सगळं गाव हितूनच जातं."

"म्हणूनच."

तो उभा राहिला. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी ते गिळलं. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, पहार उचलली आणि काठी टेकवली होती तिथेच खणायला सुरुवात केली. पाइप उभे केले, दगड आणि मुरूम ठोकून भरला, झोळीला नीट झोळ दिला. "बसा राव," तो म्हणाला. आख्ख्या वस्तीदेखत मी झोळीत बसलो. बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. गावाकडून येणारा एक सायकलवाला पाय टेकून बघत राहिला. खांब हलले नाहीत. मला उठवायला मात्र दोघांना हात द्यावे लागले.

मग आबांनी चपला काढल्या, झोळीत आडवे झाले आणि उपरणं तोंडावर घेतलं. भरदुपारी, रस्त्याच्या समोर. थोड्याच वेळात ते घोरायला लागले.

रस्त्याने माणसं जात होती. काही खाली बघून भराभर गेली. एका म्हाताऱ्याने बैलगाडी थांबवली, आबांकडे पाहिलं, आणि आवाज न करता बैल पुढे हाकले. आबांच्या मुलाने एक धोंडा ओढून घेतला आणि झोळीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसला. ऊन कललं, शेवटच्या एसटीची वेळ होत आली.

"तुम्ही निघा राव," तो म्हणाला.

मीही एक धोंडा बघितला, जरा मोठा, आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. मागे आबा खुशाल घोरत होते.