कुत्र्याच्या छत्रीची कॉफी

साळवी पहाटे स्वयंपाकघरात यायचा तो बगलेत डबा घेऊनच. काळ्या झाकणाचा पुठ्ठ्याचा डबा, त्यावर छत्र्या छापलेल्या. माझ्या शेगडीवरचं उकळतं पाणी न विचारता पेल्यात ओतायचा, एक सपाट चमचा भुकटी टाकायचा, ढवळायचा आणि चमचा पेल्याच्या काठावर दोनदा आपटायचा. दूध नाही, साखर नाही. वास ओल्या गोणपाटाचा.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे काय रे?"

"मशरूम कॉफी, मामानू."

"म्हणजे?"

"अळंबीची."

"कुत्र्याच्या छत्रीची कॉफी? अरे, विष खाणारी माणसं पण गुपचूप खातात. तू माझ्यासमोर पितोस?"

तो हसला. साळवी हसला की आधी पोट हसायचं, तोंड मागाहून. एकशेबारा किलोचा माणूस. मूळचा लांज्याकडचा. क्रेनने माल उचलायचा त्याला दोर बांधणं आणि खालून हाताने क्रेनवाल्याला खुणा करणं, हे त्याचं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे त्याचं बोलणंही तसंच झालं होतं. कोणी घाई केली, कोणी चिडला, कोणाच्या घरून वाईट फोन आला की दोन्ही हात पसरून म्हणायचा, "सावकाश. लोड हवेत आहे."

मी कुवेतमधल्या मंगफला एका खोलीचा स्वयंपाकी. एका कंपनीची पाच माणसं, सगळी कोकणातली, तिसऱ्या मजल्यावर राहायची. मी चारला उठून पाचांचे डबे भरायचे, पावणेसहाला त्यांची बस यायची, ती गेली की संध्याकाळपर्यंत फ्लॅटमध्ये मी एकटा. स्वयंपाकघराच्या खिडकीत एसी बसवलेला, म्हणून ती उघडत नाही. फटीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. सव्वीस वर्षं मी कुवेतमध्ये आहे आणि त्यातली अकरा वर्षं हाच देखावा बघतोय.

साळवीला कंपनीच्या डॉक्टरने तीन महिने दिले होते. वजन आणि ब्लडप्रेशर उतरलं नाही तर लोड उचलण्याचा परवाना रद्द, म्हणजे घरी. त्याने फोनवर व्हिडिओ बघितले आणि उपास धरला. रात्री आठला जेवायचं, ते दुसऱ्या दिवशी बारापर्यंत तोंडात काही नाही. फक्त ती कॉफी. याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. आमच्यातला हमीद दापोलीकडचा, इमारतींना परांची बांधणारा. तो म्हणायचा, "अरे साळव्या, आमचा रोजा महिनाभराचा. तुझा बारा महिने, आणि पुण्य एक पैशाचं नाही!"

"पुण्य नको रे, परवाना पाहिजे," साळवी म्हणायचा.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू? हा माणूस माझ्या हातच्या सहा आंबोळ्या काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खायचा आणि सातवीकडे बघत उठायचा. स्वयंपाक्याला दुसरं काय बक्षीस असतं? आता तो आंबोळीच्या वासात उभा राहून ते गोणपाटाचं पाणी प्यायचा. मी मुद्दाम तव्यावर तूप जास्त सोडायचो. तो डोळे मिटून म्हणायचा, "छळा, मामानू, छळा. भूक म्हणजे मुकादम. अर्धा तास बोंबलतो, कोणी ऐकत नाही म्हटल्यावर बिडी ओढायला जातो."

उन्हाळा सरत आला होता तेव्हा माझी बायको गेली.

तिचं सांगितल्याशिवाय साळवीचं सांगता येणार नाही. आमच्या लग्नानंतर ती माझ्याआधी कधी जेवली नाही. मी कुवेतला आलो तरी तिने ते सोडलं नाही. रोज फोन. "जेवलात?" मी जेवलो म्हटलं की ती पान वाढून घ्यायची. माझं जेवण बाराचं, आणि इथे बारा वाजतात तेव्हा तिकडे अडीच. बाईने अडीचपर्यंत उपाशी राहायचं? म्हणून मी साडेदहालाच सांगायचो, "जेवलो, जेवलो, तू बस." सव्वीस वर्षं रोज खोटं बोललो. तिला कळत होतं की नाही, देव जाणे. कधीकधी विचारायची, "काय जेवलात?" मी तोंडाला येईल ती भाजी सांगायचो.

ती गेली तेव्हा माझा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने व्हायचा होता. पासपोर्ट कंपनीच्या मंदूबकडे. मंदूब म्हणजे सरकारी कागदांची कामं करणारा माणूस. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बायको मेली आहे, पासपोर्ट दे. तो वाईट माणूस नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, कागद आत अडकलेत, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही बुकराच. मुलाने फोनवर चिता दाखवली. फोन कोणाच्या तरी हातात हलत होता. मला अर्धा वेळ लोकांच्या चपलाच दिसल्या.

मी रजा घेतली नाही. रजा घेऊन जायचं कुठे? दुसऱ्या दिवशी चारला उठून पाच डबे भरले. फक्त माझं जेवण बंद झालं. मी काही व्रत घेतलं नव्हतं. साडेदहा वाजायचे, फोन वाजायचा नाही, आणि घास वर जायचा नाही. सकाळी चहा आणि रात्री सगळे बसले की ताटात दोन घास चिवडायचे, एवढंच. पाच माणसांना मी रोज विचारायचो, पोटभर झालं का? स्वयंपाक्याला तेच विचारायचं कोणाला सुचत नाही. त्यांची चूक नाही. पातेल्याशी असणारा माणूस खातच असेल, असं सगळ्यांना वाटतं.

साळवीला कळलं. उपाशी माणसाचं लक्ष दुसऱ्याच्या तोंडाकडे असतं, म्हणून असेल. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याने दोन पेले भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"प्या."

"मला नको ती कुत्र्याची छत्री."

"मामानू, मी उपाशी आहे तो घड्याळावर. बारा वाजले की माझा सुटतो. तुमचा कधी सुटणार?"

मी पेला उचलला. तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. गोणपाट नव्हताच तो वास. आमच्या काजूच्या बागेत एक वारूळ आहे. पावसाळ्यात तिथे अळंबी उगवतात. ती जागा तिने सख्ख्या जावेलाही सांगितली नव्हती. पदरात भरून आणायची आणि मागल्या दाराने घरात यायची. पदराला दिवसभर हाच वास असायचा. माती, पाला, ओल.

"कडू लागली?" साळवीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. मग पदराचं सांगितलं. साडेदहाच्या फोनचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. 

दुसऱ्या दिवशी बाराला माझा फोन वाजला. व्हिडिओ. साळवी साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुढ्यात माझाच डबा, झाकण बंद.

"मामानू, माझी वेळ झाली. तुम्ही घास घ्या, मग मी झाकण उघडतो."

"जेवलो मी," मी म्हटलं. सवयच ती.

"तुमचं 'जेवलो' सव्वीस वर्षं चाललं. माझ्याकडे नाही चालणार. दाखवा."

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि फोन बाजूला करून सिंकमध्ये थुंकला. तिसऱ्या दिवशी त्याने पकडलं. "तोंड नको, गळा दाखवा. गळा हलताना दिसला पाहिजे." मागून हमीद ओरडला, "मामा, गिळा हो! याच्या पोटातला मुकादम माझ्या कानात बोंबलतोय!"

आठ दिवस मी गिळलं. मग कंटाळलो. मी काय लहान पोर आहे? एका माणसाने रोज फोन करून माझ्या गळ्याकडे बघावं? बाराला फोन वाजायचा आणि मी तो उशीखाली ठेवायचो. संध्याकाळी डबे घासायला घेतले तर साळवीचा डबा भरलेला. दुसऱ्या दिवशी भरलेला. तिसऱ्या दिवशीही. भात फुगलेला, आमटी आंबलेली. माझं डोकं फिरलं. डबा घेऊन त्याच्या खाटेपाशी गेलो.

"अन्न टाकतोस? तुझ्या त्या उपासाच्या नादात माझ्या हातच्या अन्नाला माती करतोस? उद्यापासून तुझा डबा बंद. पी ती छत्री आणि मर!"

तो उठून बसला. रंग उतरलेला, डोळे खोल. दोन्ही हात पसरले. "सावकाश, मामानू. लोड हवेत आहे."

"खड्ड्यात गेला तुझा लोड," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटली.

हमीद मागोमाग आला. दार लोटून घेतलं. तो नेहमी थट्टेत बोलणारा, पण त्या दिवशी नाही.

"मामा, त्याचा मेडिकल कधीच पास झाला. महिना झाला त्याला."

"मग उपाशी का मरतोय?"

"तुम्ही फोन उचलत नाही म्हणून. शेडमध्ये डबा पुढ्यात घेऊन बसतो. एक वाजला की तसाच उठतो. आम्ही म्हटलं, खा रे, मामाला काय कळतंय? म्हणतो, मला कळतं ना." हमीदने मागे वळून दाराकडे बघितलं. "आज दुपारी त्याला चक्कर आली. पाईपचा गठ्ठा वर टांगलेला, आणि हा खाली डोकं धरून उभा. मी धावत जाऊन धरला, क्रेनवाल्याला हात दाखवून थांबवला. सेफ्टीवाल्याने बघितलं असतं तर परवाना तिथेच फाडला असता. आणि पाईप पडले असते तर परवान्याची गरजच उरली नसती."

माझ्या हातात आंबलेला डबा.

मला माझी लाज वाटली, असं लिहिलं तर ते सोपं होईल. लाज वाटलीच, पण आधी संताप आला. मी मोकळेपणी मरूही शकत नाही, असं वाटलं. पासपोर्ट मंदूबच्या टेबलात, खिडकीत एसी, आणि आता हा एकशेबारावरून शंभरावर आलेला माणूस माझ्या गळ्यात दोर बांधून खाली उभा. सोडून दे रे मला, असं ओरडावंसं वाटलं. मग आठवलं की तीही अशीच होती. सव्वीस वर्षं दोर धरून. आणि मी साडेदहाला खोटं बोलून तो सैल करत राहिलो.

तवा ठेवला. आंबोळीचं पीठ सकाळसाठी भिजवलेलं होतंच. बारा घातल्या. आठ वाजून गेले होते, म्हणजे साळवीच्या घड्याळात जेवणाचं दार बंद. मी ताट घेऊन त्याच्या खाटेवर बसलो, त्याच्या नाकासमोर पहिला घास तोंडात घातला आणि मान वर करून गिळला.

"दिसला गळा?"

"दिसला."

"मग खा आता. घड्याळाला सांग, मामाने परवानगी दिली."

सहा खाल्ल्या त्याने. सातवीकडे बघत थांबला, ती मी त्याच्या ताटात टाकली. हमीद दारातून म्हणाला, "झाला का फैसला? मग मला वाढा कोणीतरी."

त्यानंतर मी फोन उशीखाली ठेवला नाही.

साळवीचा परवाना राहिला, पण काम राहिलं नाही. त्यांचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने निम्मी माणसं घरी पाठवली, त्यात तो होता. वजन उतरवून परवाना राखला त्याचा हा न्याय. मी शिव्या घातल्या, त्याने घातल्या नाहीत. बॅग भरताना छत्र्यांचा डबा माझ्या फळीवर ठेवला. म्हणाला, "प्यायची नसेल तर नुसता वास घ्या." खाली गाडी उभी होती. तो वाकला, पाया पडला. मला ते आवडत नाही, म्हणून मी पाय मागे घेतला आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. "सावकाश जा," म्हटलं. 

माझा अकामा पुढे झाला. पासपोर्ट हातात आला. आता कंपनी म्हणते, बदली स्वयंपाकी मिळेपर्यंत थांबा. म्हणजे बुकरा. खिडकीत एसी आहे तसाच आहे. खोलीत नवी माणसं आली, चांगली आहेत, नावं अजून पाठ झाली नाहीत. डब्यातली भुकटी तळाला गेली आहे. मी ती पीत नाही. सकाळी झाकण उघडतो आणि लावतो.

बाराला फोन वाजतो. लांज्याचा. मी ताट आधीच वाढून ठेवलेलं असतं. फोन तेलाच्या डब्याला टेकवतो, घास घेतो, मान वर करतो. तो बघतो, मान हलवतो. मग कधी पाऊसपाण्याचं बोलतो, कधी नुसताच बसतो. त्याच्याकडे घड्याळात अडीच वाजलेले असतात. मी त्याला कितीदा सांगितलं, तू बाराला जेवत जा रे, तुला आता कुठला उपास? तो म्हणतो, सवय झाली.

आणि मागून, रोज, चुलीकडून त्याच्या बायकोचा आवाज येतो. "जेवले का हो मामा? आता तरी वाढू?"