पणजोबांचा जन्म कुठला?

मूळ गाव शोधायला निघालेल्या माणसाला गाव मिळो न मिळो, किस्से मात्र पोतंभर मिळतात. आमच्याकडे ते इतके साठलेत की कुणाच्या बारशाला जमलो तरी तेच निघतात. सगळे हसतो. मग आत्याकडे लक्ष गेलं की आपसूक गप्प होतो.

कारण हा उद्योग तिच्यासाठीच चाललेला. आत्या घाटकोपरला राहते, ऐंशी कधीच पार केलीय. तिचे वडील लवकर गेले. तिला वाढवलं तिच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या पणजोबांनी, गिरणीत राबून. जाताना ते तिला म्हणाले होते, "बाय, मी जन्मलो तिथे एकदा माझ्या नावाचा दिवा लाव." आत्या हो म्हणाली. कुठे, ते विचारायचं सुचलं नाही. पोर होती ती. आणि आमच्यासारख्यांचा जन्म कोकणातलाच, त्यात विचारायचं काय? पुढे लग्न, सासू, मुलं, नवऱ्याचं आजारपण. दिवा राहिला तो राहिलाच.

*

माझा चुलत भाऊ दिलीप कांदिवलीला असतो. रिटायर झाल्यावर त्यानं हे मनावर घेतलं. गाडी केली आणि आत्याला घेऊन आम्ही मालवणकडच्या आमच्या गावी गेलो. अंगणात तुळशीपाशी तिनं दिवा लावला, पोटभर रडली. आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले. एकदम झकास झालं म्हणत जेवायला बसलो, तर भावकीतले म्हातारे तात्या म्हणतात, "दिवो हय कित्याक लावलास? तो खंय हय जल्माक इलो? चालता-बोलता झाल्यावर आवशीन तेका मुंबयसून हाडल्यान."

"अहो तात्या, मग आधी नाही का सांगायचं?"

"माका कोणी इचारल्यान?"

परतीच्या वाटेवर पनवेलपर्यंत आत्या एकच वाक्य बोलली, "म्हणजे मी भलत्याच ठिकाणी रडले."

*

जन्म मुंबईचा, मग मुंबईत शोध. दिलीप एका कचेरीत जुनी जन्मनोंद मागायला गेला.

"वॉर्ड कुठला?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"तेच शोधतोय."

"साल?"

"तेही नक्की नाही हो."

"मग जन्माचा दाखला घेऊन या. त्यावर असतं सगळं."

दिलीप बाहेर आला आणि समोरच्या टपरीवर दोन कटिंग एकापाठोपाठ एक प्यायला. बाईंचं तरी काय चुकलं म्हणा.

*

मुलुंडचे अण्णाकाका हे आमच्या बाबांचे चुलत भाऊ. लहानपणी पणजोबांच्या खोलीतच वाढलेले, त्यामुळे त्यांना नक्की ठाऊक असणार. पण आम्ही पोचलो तोवर त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला होता. वाचा गेलेली.

"अण्णाकाका, पणजोबांचा जन्म कुठला?" दिलीप कानाशी ओरडला.

काकांनी डावा हात पुढे धरला आणि त्याच्या तळव्यावर उजवी मूठ आपटली. पुन्हा आपटली. थांबेचनात.

दिलीप मला म्हणाला, "सुमे, त्यांना कुटलेलं पान हवंय." तो खाली धावला, पान आणलं, खलबत्त्यात कुटून भरवलं. काका खात होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही म्हटलं, बघा, पानाची किती आठवण येत होती त्यांना!

पुढच्याच पावसाळ्यात ते गेले.

*

मध्ये बराच काळ गेला. आत्याचे गुडघे गेले, वॉकर आला. अशात दिलीपच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी जुन्या कांदिवलीवर व्याख्यान झालं. पडद्यावर फोटो आला. डोंगर फोडणारी माणसं, मागे झोपड्या. वक्ते म्हणाले, "मुंबईच्या भरावासाठी इथून दगड जायचा. फोडायला रत्नागिरी-मालवणकडची माणसं यायची, बायकांसकट."

शेजारच्या गृहस्थांनी दिलीपला विचारलं, "अहो, हात का आपटताय?"

त्याची मूठ त्याच्याच तळव्यावर पडत होती. त्यानं तिथूनच मला फोन केला. "सुमे, अण्णाकाका पान नव्हते गं मागत."

अजूनही तो खलबत्ता आठवला की जिवाला लागतं.

खात्रीसाठी गावी तात्यांना फोन लावला. "व्हय तर," तात्या म्हणाले, "गावात तेका खाणकोच म्हणत. बापूस कांदिवलीच्या खाणीत दगडाखाली मेलो, म्हणान आवस तेका घेवन गावाक इली."

हे आधी का नाही सांगितलं, ते मी विचारलंच नाही. उत्तर माहीत होतं.

*

गेल्या महिन्यात आत्याला तिथे नेलं. दिलीपच्या घरापासून इतकं जवळ, की रिक्षावाले यायला तयार होईनात. आणि आम्ही कोकण पालथं घालत होतो! खाण बुजलेली, वस्तीचा मागमूस नाही. नुसते टॉवर.

गेटवर तिशीचा वॉचमन. "किसके घर जाना है?"

दिलीपनं खाण, पणजोबा, सगळं सांगितलं.

"फ्लॅट नंबर बोलो साब. उसके बिना एंट्री नहीं."

दिलीप चिडला, मी सेक्रेटरीला बोलवा म्हणून भांडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी रिक्षात बसलेल्या आत्यानंच त्याला हाक मारली.

"तू किधर का रे, बाबा?"

"यूपी का, माँजी."

"उधरच जन्मा?"

"नहीं. जनम तो इधर का है. माँ-बाप इसी बिल्डिंग के काम पे थे. झोपड़ा वहाँ था, अभी गार्डन है ना, उधर."

आत्यानं पिशवीतून पणती, वात आणि तेलाची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

"मग तूच लाव," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "चल रे."