तुटलेल्या देठांचे भोपळे

शेवंतीकाकीनं त्या वर्षी आम्हाला तारलं, हे आधी लिहून ठेवते. पेडण्याला ती आमच्या शेजारी राहायची.

आज पुण्यात, मी कामाला आहे त्या भाजीच्या गोदामात, एक भोपळा सडला. तो आंबूस गोड वास आला आणि खोलीवर येऊन मी हे लिहायला बसले.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात मी सातवीतून शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळलेली. पावसाळाभर पुरवायचे म्हणून परसातले सोळा भोपळे मी एकटीनं काढले, आणि घाईत देठाला धरूनच उचलले. अकरांचे देठ हातात आले.

"अगो, देठ मोडलो की थंयसूनच कुसता तो," काकी म्हणाली. "चवथीपर्यंत खंय रवतले हे?"

मी रडायला लागले. तिनं तुटल्या जागी विड्याचा चुना लावला. मग काय वाटलं कोण जाणे, ते अकराही स्वतःच्या घरी नेले आणि तिच्या परसातले अकरा देठवाले आमच्या माळ्यावर गवतात, एकमेकांना न टेकवता मांडले.

"आमच्यात खाणारी तोंडां खूप गो. आताच संपतले."

मला ते खरं वाटलं. श्रावणात आम्ही भोपळ्याची भाजी खायचो, तेव्हा तिच्या घरातून हाच वास यायचा. तिची पोरं नुसती पेज प्यायची. मी वास ओळखला होता, तरी गप्प बसले.

काकीला आता दिसत नाही. रजा मिळो न मिळो, चवथीला, गणपतीत, मी जाणार. देठासकट भोपळा तिच्या हातात ठेवीन, आणि तेव्हा तो वास मला येत होता, हेही सांगेन.