गोत्र चुकलं, परत म्हणा

आदरणीय वत्सलाबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या परभणीतल्या घराच्या ओसरीवर झाली. सेलूच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून होते ती बंद पडली होती, चाळिशी उलटली होती आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती. संस्कृतच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई आता बायकांना पौरोहित्य शिकवतात असं कळलं, म्हणून गेले. लहानपणापासूनची स्तोत्रं पाठ होती, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडायची. हे मी बाईंना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मला आजही पूजेला निघायच्या आधी दोनदा मोरीकडं जावं लागतंय. उद्यापासून या."

बाईंची शिस्त कडक. अर्थ मराठीतून नीट सांगता आल्याशिवाय त्या पुढचा मंत्र देत नसत. एखादं अक्षर तोंडात अडकलं तर ते सुटेपर्यंत ओसरीवरून कुणी हलायचं नाही. पण त्यांच्या वर्गाची खरी गंमत पाठ झाल्यानंतर सुरू व्हायची. बाई आत जाऊन मिक्सर लावायच्या, टीव्हीचा आवाज मोठा करायच्या आणि आम्हाला म्हणायला बसवायच्या. वर मध्येच दारात येऊन विचारायच्या, "गुरुजी, केळीचे खुंट कुठं बांधू?" उत्तर द्यायचं आणि मंत्र जिथं सोडला तिथूनच धरायचा. "लोकांच्या घरात शांतता असती का कुठं?" असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या एकीला पुढे मिक्सर बंद असला की काही आठवेनासं झालं, तेव्हा बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

झरी गावच्या माणिकरावांनी नवं घर बांधलं आणि सत्यनारायणाचं बोलावणं बाईंना आलं. बाईंनी ते परस्पर मला देऊन टाकलं. मी घरी आमच्या ह्यांना पाटावर बसवून रोज तालीम केली. हेही बिचारे माझ्यामागून संकल्प म्हणायचे. मनाशी मी ठरवून टाकलं होतं की हे जमलं तर पुढे, नाही तर पोथी फडताळात आणि आपण घरात. सोबतीला आलेल्या बाईंबरोबर झरीला उतरले आणि रस्त्यातच थांबले. "बाई, मी परत जाते," म्हटलं. बाई चालता चालताच म्हणाल्या, "आलोच आहोत तर पूजा करून जाऊ."

घर माणसांनी भरलं होतं. एक म्हातारबा शेजाऱ्याला विचारत होते, "बाईमानूस सांगनार व्हय पूजा?" ते नेमकं माझ्या कानावर पडलं. मी संकल्पाला सुरुवात केली. यजमानानं आपलं गोत्र आणि नाव घेऊन पूजेचं फळ मागायचं, ते आपण सांगायचं आणि त्यानं मागून म्हणायचं, अशी रीत. माझ्या तोंडून सवयीनं आमचंच भारद्वाज गोत्र आलं आणि पाठोपाठ ह्यांचं नाव, सुधाकर! माणिकराव सरळ माणूस. हातात पाणी घेऊन त्यांनी तेही भक्तिभावानं म्हटलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं मान वर केली.

"अगं बया, ह्यो सुधाकर कोन?"

मला मान वर करवेना. तेवढ्यात मागून, शिऱ्यासाठी वेलदोडे सोलत बसलेल्या बायकांतून, बाईंचा खणखणीत आवाज आला, "बाई, गोत्र चुकलं. परत म्हणा." सगळं घर हसलं. माणिकराव हसले, म्हातारबाही हसले. मग मी काश्यप गोत्र म्हटलं, माणिकराव म्हटलं आणि पुढची पूजा कशी झाली ते मला कळलंही नाही. घसा कोरडा पडायचा राहूनच गेला.

परतताना मात्र मी फुगून बसले होते. सगळ्यांदेखत सांगायची काय गरज होती, हळूच कानात सांगता आलं नसतं का, असं शेवटी विचारलंच. बाई म्हणाल्या, "कानात सांगितलं असतं तर तुम्ही ते जन्मभर पोटात घेऊन फिरला असता. आता सगळ्या झरीला माहीत झालंय. आता कुणाला भ्यायलात?"

पुढच्या पूजेला त्यांनी मला एकटीला पाठवलं. रात्री मात्र फोन करून कुठे अडलं, काय राहिलं, सगळं विचारून घेतलं. माणिकराव अजून बोलावतात आणि दर खेपेला विचारतात, "बाई, औंदा आमचं गोत्र ध्यानात हाय ना?" माझं घर आज याच कामावर चालतं. त्या दिवशी बाई मागे बसल्या नसत्या तर मी पोथी खरंच फडताळात ठेवली असती, आणि ती पुन्हा काढली नसती. बाईंवर माझा फार जीव आहे. समोर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आता बाईंच्या पंचाहत्तरीची शांत करायची आहे. परभणीत नावाजलेले गुरुजी असताना बाईंनी सांगितलं की पूजा मीच सांगायची. ज्यांनी शिकवलं त्यांनाच पाटावर बसवायचं, या विचारानं घसा पुन्हा कोरडा पडायला लागलाय. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "चुकलात तर मी समोरच आहे की."

संकल्पात यजमानासाठी आयुष्य आणि आरोग्य मागायचं असतं. झरीला ते मी चुकून आमच्याच घरी मागून घेतलं होतं. या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर लावून रोज म्हणते आहे: वसिष्ठ गोत्र, वत्सला नाव. ते भरभरून मागणार आहे, आणि यातलं काही दुसऱ्या घरी जाऊ देणार नाही.