घसरणारी गोधडी

ये गं, अशी जवळ बस. आल्यापासून उभ्या उभ्याच बोलतेस, तू काय पाव्हणी आहेस का? या गोधडीचं विचारत होतीस ना? माझ्यापेक्षा जुनी आहे ती. तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या लग्नाआधी शिवलेली. आमच्या खानदेशात गोधडी विरली की टाकत नाहीत, तिच्यावरच नवं अंग चढवतात. सगळ्यात आत आजीच्या आईचं लुगडं आहे, त्यावर पुढे चढवलेलं आजोबांचं धोतर.

तू पोटात होतीस तेव्हा आम्ही तिकडे गुजरातेत, गोडादऱ्यात राहायचो. नव्वद साल उलटलं होतं. तुझे वडील लूमच्या कारखान्यात. गोधडीचं वरचं कापड पार गेलेलं. म्हटलं, सासूबाई यायच्या आत मीच नवं अंग चढवते. कारखान्यातल्या पॉलिस्टरच्या चिंध्या आणल्या. गुलाबी, मोरपंखी, काय ती चमक!

पण तू झालीस आणि तुला त्यावर निजवलं की तू रडायचीस. पाठ घामानं लाल. पाय झाडलेस की सरकत सरकत थेट फरशीवर! झोप म्हणून नाही तुला.

तेवढ्यात गावाहून सासूबाई आल्या. गोधडीवरून हात फिरवला.

"काय वं, हाई गोधडी शे का घसरगुंडी?"

शेजारची गुजरातण माझी बाजू घ्यायला आली, "बा, केटली सरस छे!" किती छान आहे, म्हणे.

"सरस शे, पण पोरगी तठे ऱ्हात नही!"

मला रडूच आलं. त्या मात्र टाके उसवायला बसल्या. वर घालायला नेसून नेसून मऊ झालेलं सुती कापड हवं, ते आमच्या पॉलिस्टर नेसणाऱ्या गल्लीत कुणाकडे असणार? त्यांनी सरळ आपल्या दोन लुगड्यांतलं एक कातरलं.

"अहो आई, दुसरं धुतलं की नेसाल काय?"

"तुनी गुळगुळीत साडी दे मले!"

नऊवारीची सवय, आणि अंगावर माझी पाचवारी. दोन पावलं टाकली की डोक्यावरचा पदर खाली. गल्ली हसायची, त्याही हसायच्या, साडीला शिव्या घालत टाके घालायच्या.

गोधडी झाली त्या दुपारी तुला निजवलं. एकदा कण्हलीस, मूठ सैल सोडलीस, आणि दिवेलागणीपर्यंत गाढ! मीच घाबरून तुझ्या नाकाशी बोट धरत होते. सासूबाई म्हणाल्या, "निजू दे वं तिले." आणि स्वतःही शेजारी घोरायला लागल्या.

निघालीस? बरं. पण लवकर ये हं. सकाळीच ये, पोटभर जेव आणि इथंच या गोधडीवर आडवी हो.