पंडितजी सांगतील तोवर

श्रावणातल्या सोमवारी काशीच्या रस्त्यांवर चालायचं तर जीव मुठीत धरून चालावं लागे. सारनाथच्या मेळ्याहून परतणारे एक्के शर्यत लावत शहरात शिरत. घोड्यांच्या गळ्यात घुंगुरमाळा, हाकणाऱ्याच्या डोळ्यांत भांग, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाहवा करायला जमलेली माणसं. एखादा बहाद्दर लगाम दातांत धरून उभा राही आणि दोन्ही हातांनी मिशांना पीळ देई. ‘जियो राजा’ म्हणून लोक ओरडत. मला त्यात कधीच मौज वाटली नाही. मी मास्तर होतो, तो रस्ता रोज दोनदा तुडवत होतो, आणि धुळीने माझा घसा बारा महिने बसलेला असे.

आमचं घर ब्रह्माघाटावर. तिथल्या गल्ल्यांत समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला पाठ लावायची, तिथे एक्का कुठला शिरणार? गल्ली संपून मैदागिनचा मोठा रस्ता लागला की मग एक्के, बग्ग्या, धूळ आणि शिव्या. त्याच रस्त्यावर पुढे आप्पांची पाठशाळा होती आणि तिच्याही पुढे मैलभर माझी शाळा.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते धर्मशास्त्री होते. पाठशाळेत शिकवत, पण लोकांना ते माहीत होते ते प्रायश्चित्तासाठी. कोणाची गाय दाव्याला फास बसून मेली, कोणाच्या हातून मांजर मेलं, कोणी समुद्रापार जाऊन आलं, की तो माणूस आमच्या ओसरीवर येऊन बसे. आप्पा सगळं ऐकून घेत, पोथी न उघडता विचार करत आणि मग सांगत, बारा दिवस, किंवा चोवीस दिवस. दिवस सांगितल्यावर ते पुढे काही ऐकून घेत नसत, आणि दिवस भरले की त्या माणसाला स्वतः बोलावून घेत. ‘झालं. आता मनात ठेवू नकोस,’ म्हणत. किती माणसं ते ऐकून तिथेच रडलेली मी पाहिली आहेत.

अशाच एका सोमवारी मी आप्पांबरोबर पाठशाळेतून परतत होतो. मागून आरडाओरडा ऐकू आला. पुढे एका रईसाच्या मुलाची बग्गी होती, मागे तिला गाठायला निघालेला एक एक्का. बग्गीने आम्हांला कडेला रेटलं आणि एक्क्याचं चाक आप्पांच्या नडगीवर आदळलं. आप्पा खाली बसले. ओरडले नाहीत, नुसतं ‘अरे, अरे’ म्हणाले. हाड चिरलं होतं.

बग्गी थांबली नाही. नाक्यावरच्या शिपायाने तिला सलाम केला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. एक्केवाला मात्र शंभर पावलांवर थांबला आणि आपण होऊन परत आला. पस्तिशीचा असेल, काळासावळा, अंगात गुलाबी कुडता. लोकांनी त्याला तिथेच धुतला. मग शिपायाने सगळ्यांना चौकीवर नेलं.

चौकीवरचा दरोगा पन्नाशीच्या पुढचा होता. सकाळपासून त्याने असल्या किती भानगडी निस्तरल्या होत्या कोण जाणे. त्याने पगडी काढून टेबलावर ठेवली होती आणि तो डोकं खाजवत होता. मी तावातावाने सगळं सांगितलं आणि बग्गीचं काय, असं विचारलं.

“मास्टर साहब,” तो म्हणाला, “बग्गी मैंने नहीं देखी. आप भी मत देखिए.”

त्याच्या आवाजात ना जरब होती ना लाज. पाऊस पडतोय असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं, आणि त्यामुळे मला जास्तच संताप आला. पण संतापून करणार काय? सरकार इंग्रजांचं, रईस सरकारचे, आणि दरोगा दोघांचा.

एक्केवाल्याची गोष्ट वेगळी होती. त्याच्याविरुद्ध दोन तक्रारी आधीच होत्या. पोलिसांचे मोठे गोरे साहेब, ज्यांना सगळे कप्तान साहेब म्हणत, त्यांचा हुकूम होता की तिसऱ्या तक्रारीला नंबर काढून घ्यायचा. नंबर म्हणजे चुंगीने, म्हणजे नगरपालिकेने, एक्क्याला ठोकलेली पत्र्याची पट्टी. ती गेली की एक्का रस्त्यावर आणता येत नसे. एक्केवाला दरोगाकडे बघतच नव्हता. तो आप्पांच्या पायाकडे बघत होता. “महराज, घरे पाँच परानी हईं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. घरात पाच जीव.

दरोगा आप्पांकडे वळला. “पंडितजी, लिख दूँ तो इसका नंबर गया. छोड़ दूँ तो अगले सोमवार फिर दौड़ाएगा. आप ही कहिए, लिखूँ कि छोड़ूँ?”

आप्पा बाकावर पाय लांब करून बसले होते. वेदनेने त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तरी त्यांनी ओसरीवर करत तसाच विचार केला. मग म्हणाले, “इसने पाँव तोड़ा है, तो यही मेरा पाँव बने. जब तक पाँव ठीक न हो, रोज़ सबेरे मुझे पाठशाला पहुँचाए. घुँघरू उतारकर, और धीमी चाल से.”

दरोगा मनापासून हसला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. “मंजूर! सुन लिया रे? जब तक पंडितजी न कहें, रोज़ सबेरे.” आणि त्याने समोरचा कागद मिटून बाजूला सारला.

आप्पांनी पाय बरा होईतो म्हटलं होतं. दरोगाच्या तोंडी ते पंडितजी सांगतील तोवर असं झालं. तेव्हा त्या फरकाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझं गेलं ते पुढे, आणि ते माझ्या सोयीचं होतं म्हणून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून एक्का गल्लीच्या तोंडाशी उभा राहू लागला. आई आतून म्हणायची, “एक्का आला काय रे? जल्दी कर, त्याला खोळंबवू नकोस.” मी आप्पांना धरून नेत असे आणि त्यांना सांभाळायला शेजारी बसत असे. घोडी बांधीव होती, पळायला शिवशिवणारी. पण तो तिला पावलापावलाने चालवी. आप्पांचं पहाटेच्या स्नानापासून पहिला पाठ सुरू होईपर्यंत मौन असे. हात गोमुखीत, डोळे मिटलेले, जप चाललेला. त्यामुळे एक्केवाला जे काही बोले ते माझ्याशी. आप्पांना उतरवलं की तो मला पुढे माझ्या शाळेपर्यंत सोडी. पहिले दोन दिवस मी नको म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हणालो नाही.

माणूस गोड होता. एकदा मी त्याला विचारलं की बाबा, कशाला धावडवतोस? तो म्हणाला, “मास्टर साहब, दौड़े के बखत हम केहू के नौकर ना हई.” त्या वेळी मी कोणाचा चाकर नसतो. माझ्या शाळेच्या हेडमास्तरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

आश्विनात हाड बसवणाऱ्याने आप्पांचा पाय चाचपून पाहिला आणि सांगितलं, आता जितकं चालाल तितकं बरं. आप्पा घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेवर जाऊ लागले. त्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, “एक्केवाल्याला सांग, झालं म्हणावं. मीच सांगितलं असतं, पण सकाळी माझं मौन. येत राहायचं असेल तर भाडं घेऊन यावं, नाहीतर आपल्या कामाला लागावं.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सांगितलं नाही. काही मोठं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं होतं. पहाटे चारला उठून दोन शिकवण्या, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. त्यात सकाळचा तो अर्धा तासच काय तो मला बसून मिळे. उद्या सांगू म्हटलं. उद्याही जिवावर आलं. चार दिवसांनी आप्पांनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, “तो ऐकत नाही. भाडंही नको म्हणतो. पंडितजींची सेवा म्हणतो.”

आप्पांचा चेहरा उजळला. “भला माणूस आहे,” ते म्हणाले.

यानंतर एक्केवाला विचारू लागला. घोडी हाकताना, मागे न बघता, हलक्या आवाजात. “मास्टर साहब, पंडितजी कुछ कहलन?”

“अभी नहीं,” मी म्हणे.

तो मान हलवी. माझ्याशेजारी आप्पा डोळे मिटून जप करत असत. त्यांच्या कानांवर शब्द पडतही असतील, पण जपात ते नसल्यासारखे असत, आणि मला त्याचाही आधार वाटे. स्टेशनावर पहाटेच्या गाड्यांना यात्रेकरू उतरत. एक्केवाल्यांची खरी कमाई त्याच वेळेची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहण्यात त्याची ती वेळ जात होती. त्याने तसं कधी म्हटलं नाही. पण घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. मार्गशीर्षात त्याने पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

मग ग्रहण आलं. ग्रहणाला सगळा मुलूख काशीत लोटतो. वर्षभराची तूट एक्केवाले त्या दोन दिवसांत भरून काढतात. आदल्या आठवड्यात तो मला म्हणाला, “मास्टर साहब, गहन के दू दिन छुट्टी मिल जाई?” त्या दोन दिवसांत माझी सासुरवाडीची माणसं पुण्याहून यायची होती. स्टेशनावर एक्के मिळणार नाहीत याची मला धास्ती होती. मी म्हणालो, “पंडितजींना विचारून सांगतो.” आणि दुसऱ्या दिवशी म्हणालो, “नाही म्हणाले.”

तोही पंडितजींचाच हुकूम समजून त्याने दोन्ही दिवस माझे पाहुणे वाहिले. मेहुणा, त्याची बायको, मुलं, वळकट्या, पापडांचे डबे. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं की काशीत तुमचा दबदबा आहे बुवा.

माघात एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी तीच घोडी, तोच एक्का उभा होता, पण वर भलताच माणूस बसलेला. कोवळा जवान, नवी टोपी. त्याने हात जोडले. एक्का, घोडी आणि नंबर सगळं त्याने विकत घेतलं होतं. “पहिले वाले ने एक शर्त रखी थी,” तो म्हणाला. “रोज़ सबेरे पंडितजी को पाठशाला ले जाना है, जब तक पंडितजी न कहें. दरोगाजी का हुकुम है. उसने हमसे कसम ली है.”

आप्पांच्या हातातली गोमुखी थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यादेखत मौन पहिल्यांदा मोडलं. “तो कुठे आहे?” त्यांनी मराठीतच विचारलं, आणि मग हिंदीत. पोरगा म्हणाला, कोणी म्हणतं स्टेशनावर हमाली करतो, कोणी म्हणतं कलकत्त्याला गेला.

आप्पा माझ्याकडे वळले. “त्याने कधी विचारलं होतं?”

“हो.”

“किती वेळा?”

“पुष्कळदा,” मी म्हणालो.

आप्पा त्या पोराजवळ गेले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हो गया,” ते म्हणाले. “अब मन में मत रखना.” ज्याच्यासाठी ते शब्द होते तो तिथे नव्हता. ह्या पोराला त्यांचा काही अर्थ नव्हता. त्याला नुसतं सुटल्याचं कळलं. त्याने खूश होऊन लगाम झटकला आणि घोडी मैदागिनकडे अशी भरधाव सुटली की चार माणसं बाजूला उडाली. नाक्यावरच्या शिपायाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा तंबाखू मळू लागला.

आप्पा पाठशाळेला चालत गेले. मी मागून गेलो. मला ते एक शब्दही बोलले नाहीत, त्या दिवशीही आणि नंतरही त्या विषयावर कधीच. मात्र ओसरीवर प्रायश्चित्त विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी दुर्गाघाटावरच्या दुसऱ्या शास्त्रीबुवांकडे पाठवलं. पुढच्यालाही पाठवलं. हळूहळू लोक यायचे थांबले. स्टेशनावर मी दोनदा जाऊन आलो. हमालांच्या गर्दीत तो दिसला नाही. खरं सांगायचं तर दिसला असता तर काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी मी शाळेतून परतत होतो. चालतच. नाक्यावर दरोगा उभा होता, पगडी काखेत मारून, गेल्या सालापेक्षा वाकलेला. एक्के धावत होते, बग्ग्या धावत होत्या, आणि तो ज्याला अडवायचं त्याला अडवत होता, ज्याला नाही त्याला नाही. मला पाहून तो जवळ आला. पुढच्या महिन्यात पेन्शनीत निघतो म्हणाला. आप्पांच्या पायाची चौकशी केली.

“और वह एक्केवाला?” त्याने विचारलं. “उसका नंबर बचा लिया था हमने. इतने साल की नौकरी में, मास्टर साहब, वही एक काम है जो घर जाकर बीवी को सुनाया. ठीक चल रहा है न?”

त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

“हाँ,” मी म्हणालो, “ठीक चल रहा है.”

तो हसला, माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि शिट्टी फुंकत रस्त्याच्या मध्यावर गेला.