न पेटणारा लाल दिवा

त्या काळी मी लोणावळ्यात टॅक्सी चालवायचो. एकदा सोमाटण्यापाशी गाडीतला ऑइलचा लाल दिवा पेटला तो विझेचना. ऑइल पुरेसं होतं, इंजिनही नीट वाजत होतं. म्हणजे ऑइलचा दाब ओळखणारा इंजिनावरचा छोटा स्विचच बिघडला होता. नवा स्विच डिकीत होता, पण पाना नव्हता. जवळच आंबी गावचे एक आबा पाना घेऊन विहिरीवरच्या पंपाचं काम करत होते. त्यांनी जुना स्विच काढला, पाइप जोडायच्या सवयीने नव्याच्या आट्यांवर धागा गुंडाळला, वरून गळती थांबवणारा सफेदा फासला आणि करकचून आवळलं.

"थेंब गळायचा न्हाई आता."

दिवा विझला. मी निघालो, पण चैन पडेना. कामशेतला गाडी बंद केली आणि नुसती किल्ली फिरवली. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, म्हणजे दिवा पेटायलाच हवा, तो ढिम्म. धाग्यामुळे स्विच इंजिनाच्या लोखंडाला टेकतच नव्हता, मग करंट फिरणार कसा? ऑइल संपलं असतं तरी मला कळलं नसतं.

चरफडत परत गेलो आणि आबांवर ओरडलो. त्यांनी सगळं पुसून स्विच कोरडाच बसवला. किल्ली फिरवली, दिवा पेटला. इंजिन सुरू केलं, विझला.

मग मात्र आबा तडकले. "दिवा लागला तरी घाबरायचं, न्हाई लागला तरी बी घाबरायचं. मंग तुमी सुखानं गाडी हाकता कवा?"

पुढे कित्येक वर्षं मी त्याच रस्त्याने गेलो. आबा दिसले की, पुन्हा तेच विचारतील म्हणून, गाडी जोरात काढायचो.